बत्तिसाव्या पानावरची ओळ

रेवेक्का सोलोमोनोव्हनाच्या घरी गणिताला जायचं तर हातमोजे घालून जावं, असं मॉस्कोतले तिचे विद्यार्थी एकमेकांना सांगत. सांगत थट्टेत, पण खोटं नव्हतं. म्हातारी फळ्यापाशी खुर्ची टाकून बसे आणि तिच्या मांडीवर बिलियर्डची काठी असे. युद्धात ती तोफखान्यात होती, गोळा कुठे पडेल याची गणितं करायची. डावा कान तिथेच गेला, आणि ही काठी तिने क्योनिग्सबर्गच्या कुठल्याशा जर्मन अधिकाऱ्यांच्या क्लबातून उचलून आणली. फळ्याशी उभा असलेला माणूस बोलण्याच्या ओघात "सर्वांना ठाऊकच आहे की" असं म्हणाला, की काठी सपकन त्याच्या बोटांवर बसायची.

"कुणाला ठाऊक आहे? नाव सांग!"

नाव सांगता आलं नाही तर ती गोष्ट तिथल्या तिथे सिद्ध करायची, मग त्यात अख्खा रविवार गेला तरी चालेल. चाळिशी ओलांडलेली, टक्कल पडलेली, लेकुरवाळी माणसं दर रविवारी दुपारी त्या दोन खोल्यांत येऊन बोटं सुजवून घेत आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर होत. दुसरं जायचं कुठे? त्यांच्या पासपोर्टातल्या पाचव्या ओळीत 'ज्यू' लिहिलेलं होतं आणि त्या ओळीपायी बहुतेकांना मोठमोठ्या संस्थांनी दारातूनच वाटेला लावलं होतं.

काळ्या मेणकापडाच्या बांधणीची एक वही होती. कोणत्या तारखेला, कोणत्या पानावर, कोणी कोणाला थांबवलं, हे त्यात नावानिशी लिहिलं जाई. थांबवणं हा तिथे मान होता. चूक करणाऱ्याला तिथे कोणी हसत नसे, चुका सगळेच करत. चूक दिसूनही गप्प बसणारा मात्र म्हातारीच्या लेखी चोर होता. असा एक जण तिने जिन्यावरून खाली ढकलून दिला होता म्हणतात. वर्गातल्या वादिमने ते पाहिलं नव्हतं, पण त्यावर त्याचा पूर्ण विश्वास होता.

वादिम लादिगिन हा त्या मंडळीतला सुखवस्तू. बाप रशियन, त्यामुळे पाचवी ओळ स्वच्छ. मोठ्या संस्थेत नोकरी, खिडकीतून नदी दिसेल असं टेबल. रविवारी तो इथे येतो हे संस्थेत कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ते कोणाला कळू नये यासाठी तो दोन थांबे आधीच उतरून चालत येई. त्याचा जिवलग मित्र सावेली ब्रुस्किन ट्रक ड्रायव्हरांच्या संध्याकाळच्या शाळेत त्रिकोणमिती शिकवायचा. गोमेलला असताना सावेली बॉक्सिंग खेळे. नाक तेव्हाचंच मोडलेलं होतं आणि स्वभावही तेव्हाचाच होता.

सावेलीचा विषय लक्षणांचा. एखादा गट, म्हणजे उलटसुलट करता येणाऱ्या हालचालींचा संच, अनंत मितींच्या जागेत काम करू लागला की त्याचं ते रूप सबंध कोणालाच दिसत नाही. पण त्यातल्या प्रत्येक हालचालीला एक आकडा देता येतो, आणि ते आकडे मिळून त्या रूपाचं लक्षण होतं. अंगठ्याच्या ठशासारखं, वेगळ्या रूपाचा ठसा वेगळा. गोची एवढीच, की जी हालचाल काहीच हलवत नाही तिच्या जवळ जाऊ लागलं की हे आकडे भडकतात. मग प्रश्न असा, की ते कितीही भडकले तरी त्या एवढ्याशा भागातली त्यांची एकूण बेरीज आटोक्यात राहते का? एक मूळ संख्या धरायची आणि तिने जितक्या जास्त वेळा भाग जाईल तितकी संख्या लहान मानायची, अशी एक आकड्यांची दुनिया आहे. तिथे बेरीज आटोक्यात राहते हे केव्हाच सिद्ध झालं होतं. पण तिची एक जुळी दुनिया आहे, जिच्यात ती मूळ संख्या स्वतःच शून्य असते. तिथे भल्याभल्यांनी हात टेकले होते. सावेली म्हणत होता, मी केलं.

त्याचा प्रबंध दक्षिणेतल्या एका गावी मंजूर होऊन दोन वर्षं मॉस्कोत, पदव्यांवर शेवटचा शिक्का मारणाऱ्या वरच्या मंडळाकडे धूळ खात पडला होता. त्याचीच कार्बन प्रत घेऊन तो ऑक्टोबरपासून म्हातारीच्या फळ्याशी उभा होता. फेब्रुवारीच्या मध्यावर गाडी एकतिसाव्या पानापर्यंत आली.

त्या रविवारी दार ठोठावलं नाही कोणी, लाथच बसली. आत एक पोलिस आला आणि त्याच्यामागे दंडाला सरकारी स्वयंसेवकांची लाल पट्टी बांधलेले तीन दांडगे.

"खालच्या मजल्याची तक्रार आहे. बेकायदा जमाव. चला, नावं सांगा!"

"मोठ्याने बोल, मला ऐकू येत नाही," म्हातारी म्हणाली. "आणि नऊ माणसांना जमाव म्हणत नाहीत. मोजायला येतं का तुला?"

एका पट्टीवाल्याची नजर वहीवर गेली. चार वर्षांची नावं होती तिच्यात, तारखेसकट. वादिमचं नाव जवळजवळ प्रत्येक पानावर. वादिमने ती नजर पाहिली. तो खिडकीपाशी चहाचा ग्लास हातात घेऊन उभा होता. वही त्याच्यापासून तीन पावलांवर होती. सावेली खोलीच्या दुसऱ्या टोकाला, फळ्याशी.

झेप सावेलीने घेतली. वही सदऱ्यात कोंबली आणि दोन्ही हातांनी पोटाशी आवळली. पहिली लाथ त्याच्या बरगडीत बसली, दुसरी तोंडावर. त्याने एकाला डाव्या हाताचा असा ठोसा हाणला, की त्याच्या कानातून रक्त आलं. मग तिघे मिळून तुटून पडले. ओढत ओढत त्याला दारापाशी नेलं. उजवा हात पोटापासून सुटत नव्हता, म्हणून एकाने तो मनगटाला धरून उपसला, चौकटीवर ठेवला आणि दुसऱ्याने दार आपटलं. वाळका पाव मोडावा तसा आवाज झाला. सावेली ओरडला नाही. त्यांनी दार उघडलं आणि पुन्हा आपटलं, तेव्हा ओरडला. पण डावा हात वहीवरच होता.

म्हातारी खुर्चीतून उठली आणि तिने दार धरणाऱ्याच्या मानेवर काठी हाणली. सत्त्याहत्तर वर्षांची बाई ती, पण मार काही थट्टेचा नव्हता. त्याने मागे न बघताच कोपराने तिला उडवलं. ती लोखंडी रेडिएटरच्या कोपऱ्यावर कमरेत पडली आणि तिच्या तोंडून जे निघालं ते ऐकून शेजारपाजारची दारं धडाधड उघडली. कोणीतरी किंचाळलं, "अरे, युद्धातली आहे ती, पदकं आहेत तिला! खुनी मेले!" पोलिसाचा रंग उतरला. त्याने आपल्या माणसांना शिट्टी मारली आणि आले तसे ते निघून गेले. वही राहिली, सावेलीची चार बोटं मोडली.

वादिमच्या हातात चहाचा ग्लास तसाच होता.

म्हातारीला इस्पितळाच्या बोळात खाट मिळाली. वादिम केफिरची, म्हणजे आंबवलेल्या दुधाची बाटली घेऊन गेला तेव्हा ती छताकडे बघत पडली होती. कमरेपासून खाली सगळं प्लास्टर.

"तुझा चहा सांडला नाही ना त्या दिवशी?" तिने विचारलं.

"नाही, रेवेक्का सोलोमोनोव्हना."

"वाटलंच. हात स्थिर आहे तुझा. तोफखान्यात उपयोग झाला असता."

वादिम मान खाली घालून बसला.  मग म्हणाली, "पान किती झालं?"

"एकतीस."

"बत्तिसावं तू वाच. चावून वाच, दात लावून. मला काहीतरी खुपत होतं तिथे, म्हटलं रविवारी बघू. सावा बॉक्सर आहे. एका ठोशात कुस्ती मारायची घाई असते गाढवाला. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"आणि दिसलं काही, तर थांबव त्याला. मी नसेन तरी थांबव."

तिसऱ्या आठवड्यात तिच्या छातीत पाणी झालं आणि ती गेली. गोठलेली जमीन फोडून खड्डा करायला पहारी लागल्या. सावेलीने प्लास्टरमधल्या हाताने पहिली मूठ माती टाकायचा प्रयत्न केला, ती जमेना, मग डाव्या हाताने टाकली. वर्गातली तामिला गेलोवानी म्हातारीची काठी आणि वही आपल्या घरी घेऊन गेली.

मार्चच्या सुरुवातीला वरच्या मंडळातल्या रोदिओन कापितोनोविचने वादिमला बोलावून घेतलं. गोरागोमटा, गुळगुळीत दाढीचा माणूस, हसरा. लिंबाची चकती घालून चहा दिला, बिस्किटं पुढे सरकवली. टेबलावर सावेलीचा प्रबंध होता.

"गुप्त परीक्षक म्हणून तुमचं नाव सुचवलंय," तो म्हणाला. "लेखकाला तुमचं नाव कळणार नाही. तीन अभिप्राय आलेत आधीच, तिन्ही वाईट. पण खरं सांगू का, वादिम अर्काद्येविच? ते तिघेही यातलं ओ की ठो जाणत नाहीत. कोणी म्हणतो भाषा बोजड, कोणी म्हणतो देशी संशोधकांची नावं कमी घेतली. असल्यावर उद्या कोणी बोट ठेवलं तर? म्हणून म्हटलं, जाणकार माणूस हवा."

"आणि प्रबंध बरोबर निघाला तर?"

"आम्हाला फक्त सत्य हवं." तो हसला. "तुमची नोकरी छान आहे. खिडकीतून नदी दिसते म्हणे."

याला 'काळा परीक्षक' म्हणत. कोणी कोणाचा काळा परीक्षक झाला हे पुढे कळायचंच, आणि मग त्या माणसाशी कोणी हात मिळवत नसे. वादिम प्रबंध बगलेत मारून घरी आला तो मनात एकच घेऊन. चांगलं लिहायचं, खणखणीत चांगलं लिहायचं. खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या त्या पाच मिनिटांचं कर्ज फेडायचं. त्यासाठी खोटं बोलायची गरजच काय होती? प्रबंध तर बरोबरच होता.

बुधवारी तो बत्तिसाव्या पानावर आला आणि शब्द दिल्याप्रमाणे त्याने ते चावून वाचलं.

सावेलीची वाट अशी होती. गटातल्या बहुतेक सगळ्या हालचाली काही शिस्तीच्या उपगटांत वाटल्या जातात. त्या लोकांच्या बोलीत हे उपगट म्हणजे तोरस. एकेका तोरसाच्या वाट्याला येणारी बेरीज आटोक्यात राहते, हे त्याने एकतीस पानं खपून दाखवलं होतं आणि ते काम सोन्यासारखं होतं. मग बत्तिसाव्या पानावर एक ओळ. 'सर्वांना ठाऊकच आहे की असे मूलतः वेगळे तोरस मोजकेच असतात. म्हणून एकूण बेरीजही आटोक्यात राहते.'

वादिमने ती ओळ पुन्हा वाचली. मोजकेच असतात, हे खरं, पण पहिल्या दुनियेत! जन्मभर ही माणसं त्या दुनियेत राहिली, ते वाक्य त्यांच्या तोंडात बसलेलं. दुसऱ्या दुनियेत, मूळ संख्या दोन घेतली आणि दोन ओळी दोन रकान्यांचा साधा चौकोनी गट घेतला, तरी वेगळे तोरस अनंत निघतात. प्रत्येक घराला दोनच पाव लागतात हे खरं, पण गावात घरंच अनंत असतील तर भट्टी कशी पुरणार? बाहेरच्या माणसाने ही चूक केलीच नसती, त्याला ते वाक्य पाठच नसतं. ही चूक फक्त घरच्या माणसाची.

त्याने पाच दिवस ते भोक बुजवायचा प्रयत्न केला. कामावर आजारी असल्याचं कळवलं. चुलीवरची बकव्हीटची लापशी दोनदा जळाली. अनंत तोरसांची बेरीज एकत्र आवळायला जी दोरी हवी होती ती त्याच्यापाशी नव्हती, कदाचित कोणापाशीच नव्हती. सिद्धांत खोटा आहे असं नाही. पण सिद्धता नव्हती, हे नक्की.

आता काय करायचं? सत्य लिहिलं तर ते रोदिओन कापितोनोविचच्या हातात नेऊन द्यायचं. ज्यांनी दार आपटलं त्यांच्या हातात! म्हातारी ज्यापायी मेली, सावाची बोटं ज्यापायी मोडली, त्याच्यावर आपल्या सहीने फुली मारायची. सावेलीला जाऊन सांगावं? एकदा तो खरंच निघाला. सावेलीच्या जिन्यात चढला. दार सावेलीनेच उघडलं. तो डाव्या हाताने बटाटे सोलत होता, अर्धा बटाटा सालीतच जात होता.

"ये रे वादिक! बघ, उजव्याने गणित केलं, आता डाव्याने स्वयंपाक. तोंड का असं झालंय तुझं?"

"काही नाही. दात दुखतोय."

"उपटून टाक. माझ्याकडे पाठव कोणाला, एका ठोशात काढून देतो." आणि मग हसणं थांबवून सावेली म्हणाला, "काही झालं तरी ते उरलेलं, पान बत्तीस ते साठ, माझं आहे बघ. हात नेला, ती गेली. पण ते काही नेता येत नाही त्यांना."

वादिम दाराकडे वळला. तो घरी आला आणि अभिप्राय लिहायला बसला. भित्रा माणूस दयाळू झाला की त्याच्याइतका घातकी कोणी नसतो, असं माझं आपलं मत आहे. त्याने लिहिलं, की सिद्धता पूर्ण आहे, निर्दोष आहे. आणि शेवटी, डागावर तळहात ठेवावा तसं, त्याने एक वाक्य वाढवलं: 'विशेषतः बत्तिसाव्या पानावरचा, तोरस मोजके असल्याचा युक्तिवाद अत्यंत स्वच्छ आहे.'

रोदिओन कापितोनोविचने कागद वाचला. बिस्किटं या वेळी नव्हती.

"हे वाचून लिहिलंत?"

"वाचून."

"बरं," तो म्हणाला.

त्या शुक्रवारी भर दुपारी वादिमच्या जिन्यात दोन माणसं उभी होती. एकाने चक्क टोपी काढून विचारलं, "वादिम अर्काद्येविच ना आपण?" हो म्हणताच दुसऱ्याने त्याच्या पोटात गुडघा घातला. खाली वाकला तशी मानेवर कोपर बसलं. मग पायरीच्या कडेवर तोंड दोनदा आदळलं, मोजून दोनदा, सरकारी काम केल्यासारखं. पुढचे दोन दात पायरीवर पडले. टोपीवाल्याने ते बुटाने बाजूला सरकवले आणि दोघे निघून गेले. वादिम भिंतीला टेकून बसला, तोंडातून रक्ताची धार लागली होती आणि तो हसत होता. खरंच हसत होता. आयुष्यात इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं. फिटलं, त्याने मनाशी म्हटलं, सगळं फिटलं.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी वर्ग पुन्हा भरला, तामिलाच्या स्वयंपाकघरात. फळा म्हणून भिंतीला मेणकापड ठोकलं होतं. काठी टेबलावर, वही तामिलापुढे. चौथा परीक्षक कोण आणि त्याला मार कशापायी बसला, ही बातमी वादिमच्या आधीच पोचली होती; तो सुजलेलं तोंड घेऊन आला तेव्हा सगळे उठून उभे राहिले. कोणी त्याचा हात दाबला, कोणी खांद्यावर थोपटलं. तामिलाने त्याच्यासाठी मऊ पाव काढून ठेवला होता. आज दोन थांबे आधी उतरलास का, असं कोणी विचारलं नाही, आणि तो उतरलाही नव्हता.

सावेली शेवटी आला. गुरुवारी त्याला मंडळापुढे बोलावलं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. काय झालं, हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. तो वादिमच्या तोंडाकडे क्षणभर बघत राहिला. कोट काढला, डाव्या हातात खडू घेतला.

"एकतीस झालं होतं. बत्तीस," तो म्हणाला आणि वेड्यावाकड्या अक्षरांत ती ओळ लिहू लागला. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचली. "सर्वांना ठाऊकच आहे की असे मूलतः वेगळे तोरस मोजकेच असतात."

काठी टेबलावर होती. ती कोणी उचलली नाही, उचलणारी गेली होती. तामिला पेन हातात धरून वाट बघत होती. सावेली फळ्याकडून वळला आणि थेट वादिमकडे बघू लागला.

"पुढे जाऊ?"

 वादिमला म्हातारीचा बोळ आठवला, खाट आठवली. सगळ्यांच्या नजरा आत्ताच किती प्रेमळ होत्या त्याच्यावर.

"जा," तो म्हणाला.

सावेलीने खडू ठेवला, दोन पावलं पुढे आला आणि डाव्या हाताचा ठोसा वादिमच्या त्याच सुजलेल्या तोंडावर हाणला. वादिम खुर्चीसकट मागे कोसळला, चहाचा ग्लास फुटला. तामिला ओरडली, "सावा! वेड लागलं का तुला? तुझ्यासाठी मार खाल्लाय त्याने!"

"माहीत आहे मला कशासाठी खाल्लाय ते!" सावेलीने वादिमला कॉलर धरून उभा केला आणि भिंतीवर आपटला. "चार अभिप्राय वाचून दाखवले मला, नावं न घेता. तिघे गाढव. चौथा जाणकार, पहिल्या ओळीपासून कळत होतं. आणि चौथा काय म्हणतो? बत्तिसाव्या पानावरचा युक्तिवाद अत्यंत स्वच्छ आहे! अरे, ती ओळ म्हणजे उंबरठा आहे. उंबरठ्याचं कौतुक कोण करतं? जो तिथे अडखळून पडलाय तोच! तिथे उभ्या उभ्या मला दिसलं, वादिक. त्या हरामखोरांपुढे. तुझ्या कौतुकातून दिसलं!"

"सावा, मी..."

"मी तिथेच सांगितलं. तिघेही चूक आणि चौथाही चूक, बत्तिसाव्या पानावर भोक आहे, प्रबंध मागे घेतो. तो गोरा हसत होता. हसू दे!" त्याचा आवाज फुटला. "दार आपटलं त्यांनी, बोटं मोडली. हाडं जुळतात रे. तू महिनाभर मेलेलं पोर माझ्या कडेवर देऊन मला फिरवलंस. माझ्या घरी आलास, बटाटे बघितलेस आणि दात दुखतोय म्हणालास!"

"तू म्हणालास ते तुझं आहे, ते त्यांना नेता येत नाही," वादिम रक्त गिळत म्हणाला. "मी कसं सांगणार होतो? मी खिडकीपाशी उभा होतो, सावा. वहीसाठी तू गेलास. माझं नाव होतं तिच्यात."

"म्हणून भीक घातलीस? मला?"

  सावेलीने कॉलर सोडली. टेबलावरची काठी उचलली, डाव्या हातात तोलली. वादिमला कोणी काही सांगितलं नाही. तो स्वतःच टेबलापाशी आला आणि त्याने उजवा हात, बोटं पसरून, लाकडावर ठेवला. एखाद्याने मध्ये पडायला हवं होतं, पण कोणी पडलं नाही. हा वर्ग होता, आणि वर्गाचा नियम सगळ्यांना पाठ होता.

काठी बसली. एकदाच बसली, पण पूर्ण ताकदीने. मधल्या बोटाचं पेर तिरकं झालं. वादिमच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पण त्याने हात काढला नाही.

"सर्वांना ठाऊक आहे म्हणे," सावेली म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते तो पुसत नव्हता. "मूळ संख्या दोन घेतली की तोरस अनंत असतात, हे ठाऊक होतं. कुणाला ठाऊक होतं? नाव सांग!"

तामिलाने वहीत तारीख घातली. पान बत्तीस, असं लिहिलं, आणि पेन थांबवून वर बघितलं.

"लादिगिन," वादिम म्हणाला. "वादिम अर्काद्येविच लादिगिन. मला ठाऊक होतं."

तिने ते लिहून घेतलं.